प्राणिसंग्रहालयातील व्यावसायिक चित्रीकरण : अर्जापासून बिबट्याच्या पिंजऱ्यापर्यंतचा अनुभव

महाराष्ट्रातील वन्यप्राण्यांवर प्राथमिक शाळेतील मुलांसाठी चित्रपुस्तकांची एक मालिका आणि प्रत्येक पुस्तकासोबत द्यायची छोटी चित्रफीत असे काम सध्या आम्ही एका प्रकाशनसंस्थेसाठी करत आहोत. पुस्तके विकली जाणार असल्यामुळे हे काम व्यावसायिक ठरते, आणि त्यासाठी गेल्या जानेवारीत राज्यातील एका महापालिकेच्या प्राणिसंग्रहालयात आम्ही रीतसर परवानगी घेऊन तीन सकाळी चित्रीकरण केले. शेकरू, काळवीट, मगर आणि बिबट्या हे आमचे चार विषय होते. या संस्थेच्या व्यवस्थेबद्दल मला बरेच चांगले लिहायचे आहे आणि एका गोष्टीबद्दल गंभीर तक्रार नोंदवायची आहे. ती तक्रार मी संस्थेकडे लेखी दिली असल्यामुळे येथे तिचे नाव घेत नाही.

जागा निवडण्यापूर्वी साधे तिकीट काढून मी राज्यातील दोन प्रसिद्ध प्राणिसंग्रहालये पाहून आलो. भायखळ्याची राणीची बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली. तेथील जुनी झाडे, विशेषतः गोरखचिंच, आणि शेजारचे १८७२ सालचे भाऊ दाजी लाड संग्रहालय ही छायाचित्रकाराला मोठीच मेजवानी आहे. मात्र २०१६ मध्ये सोलहून आणलेल्या हम्बोल्ट पेंग्विनपुढे जी गर्दी असते तिच्यात ट्रायपॉड उभा करण्याचा विचारही करता येत नाही. कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सुमारे १३० एकरांवर पसरलेले आहे. १९८६ साली सुरू झालेल्या सर्पोद्यानापासून ते वाढत गेले आणि पेशवे पार्कातील प्राणीही पुढे तेथेच आले. तेथे तळे आहे आणि प्राण्यांना मोकळीक आहे, पण अंतरे मोठी आहेत. जे पाहायचे होते ते या दोन भेटींत स्पष्ट झाले. प्राणिसंग्रहालयात चित्र कसे येईल हे प्राण्यापेक्षाही प्राणी आणि लेन्स यांच्यामध्ये काय आहे यावर अवलंबून असते.

खंदक असेल तर चित्र सर्वांत स्वच्छ मिळते, परंतु कॅमेरा वरून खाली पाहतो आणि प्राणी बुटका दिसतो. जाळी असेल तर लांब पल्ल्याची लेन्स तिच्या अगदी जवळ नेऊन लेन्सचे प्रकाश घेणारे छिद्र पूर्ण उघडावे लागते, म्हणजे तारा विरघळून जातात. पण प्रेक्षकांसाठीचा संरक्षक कठडा जाळीपासून काही फुटांवर असतो आणि तेवढ्या अंतरावरून तारा दिसतातच, त्यातही जाळीवर थेट ऊन पडले असेल तर काहीच उपाय चालत नाही. काच असेल तर काळे कापड लेन्सभोवती धरून, काचेला काटकोनात उभे राहून काम करावे लागते, कारण जाड काचेतून तिरके पाहिले की आकार वाकतात. प्रतिबिंब मारण्यासाठी पोलरायझर, म्हणजे परावर्तित प्रकाश अडवणारे फिल्टर, लावला तर दीड ते दोन स्टॉप प्रकाश जातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणे). व्यावसायिक परवानगीचा खरा मोबदला मला येथे दिसतो. तिच्यामुळे प्राणिरक्षकाच्या सोबतीने कठड्याच्या आत जाऊन जाळीजवळ उभे राहता येते. शुल्क भरताना आपण सोय विकत घेत असतो ती एवढीच, आणि ती पुरेशी आहे.

कार्यालयीन काम मला अपेक्षेपेक्षा नीटनेटके वाटले. संचालकांच्या नावे अर्ज, चित्रफितीची संहिता, पथकातील सर्वांची नावे व ओळखपत्रे, उपकरणांची यादी, वापर कोठे आणि किती काळ होणार याचे निवेदन, नुकसानभरपाईचे हमीपत्र आणि ५०० रुपयांच्या मुद्रांक कागदावर करारनामा, एवढे सर्व पहिल्याच भेटीत एका कागदावर लिहून मिळाले. अनामत रक्कम वेगळी होती आणि ती चित्रीकरणानंतर कोणतीही कुरकुर न होता परत आली. संहिता खरोखर वाचली गेली, याचा मला विशेष आनंद झाला. एका प्रसंगात निवेदिका शेकरूला हाताने पेरू देते असे आम्ही लिहिले होते. त्यावर लाल शाईने रेघ मारून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील कलम ३८-जे चा उल्लेख केलेला होता. प्राणिसंग्रहालयातील प्राण्याला चिडवणे, इजा करणे, खाऊ घालणे, आवाजाने किंवा अन्य प्रकारे त्रास देणे या सर्वांना हे कलम मनाई करते, आणि ती मनाई कॅमेरा हातात असलेल्यालाही तितकीच लागू आहे. मुलांनी जे करू नये तेच आम्ही मुलांच्या चित्रफितीत दाखवणार होतो. तो प्रसंग आम्ही काढून टाकला.

संहिता तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट समजावून सांगितली, जी कथापट करणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. चित्रपटात प्राण्याचा वापर करायचा असेल तर भारतीय पशु कल्याण मंडळाची परवानगी स्वतंत्रपणे घ्यावी लागते, आणि वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल, माकड यांना शिकवून त्यांच्याकडून काम करून घेण्यास केंद्र सरकारची मनाई आहे. प्राणिसंग्रहालयाची परवानगी त्या मनाईवर मात करू शकत नाही. आम्हाला भेटलेल्या एका मध्यस्थाने मात्र ‘कागदपत्रांचे मी पाहतो, दोन दिवसांत काम होईल, प्राणी हवा तसा उभा करून देतो’ असे सांगितले होते. असे सांगणाऱ्याच्या हाती कोणीही पैसे देऊ नयेत. अर्ज स्वतः लिहावा, स्वतः न्यावा आणि किमान महिनाभर आधी न्यावा.

व्यवस्थेतील एक त्रुटी मात्र जवळजवळ सर्वत्र आढळते. व्यावसायिक काम कशाला म्हणायचे याची व्याख्या दरपत्रकात नसते. दरपत्रकात छायाचित्रण आणि चित्रीकरण असे दोन रकाने असतात, परंतु आजचा जवळजवळ प्रत्येक कॅमेरा दोन्ही करतो. परिणामी दारावरील सुरक्षारक्षक ट्रायपॉड पाहून व्यावसायिक काम ओळखतात. निवृत्त शिक्षक पक्ष्यांचे फोटो काढण्यासाठी ट्रायपॉड घेऊन आले तर त्यांना अडवले जाते, आणि मोबाइलवर जाहिरातीची चित्रफीत करून पैसे मिळवणारा तरुण साध्या तिकिटावर आत जातो. लग्नापूर्वीचे फोटो काढून घेणारे जोडपे तर कोणत्या रकान्यात बसते हे कोणालाच सांगता येत नाही. माझे मत असे आहे की शुल्क उपकरणावर न ठरवता वापरावर ठरवावे आणि शैक्षणिक, वृत्तविषयक, जाहिरातीचे व कथात्मक असे चार स्पष्ट दर असावेत. आमच्याकडून चित्रपटाचा दर घेण्यात आला. तो आम्ही भरला, परंतु शालेय पुस्तकासाठी तो न्याय्य नव्हता.

तारखा ठरवताना मी साप्ताहिक सुटीचा दिवस मागितला होता, कारण त्या दिवशी प्रेक्षक नसतात. नकार आला. राणीची बाग काय किंवा कात्रज काय, दोन्ही बुधवारी बंद असतात ती कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी, असाच माझा समज होता. प्रत्यक्षात आठवड्यातून किमान एक दिवस प्रेक्षकांसाठी बंद ठेवणे ही प्राणिसंग्रहालयांच्या मान्यतेच्या २००९ च्या नियमांतील तरतूदच आहे. त्या दिवशी देखभालीची कामे होतात आणि प्राण्यांना माणसांच्या नजरेपासून विश्रांती मिळते. ती विश्रांती पैसे भरून विकत घेता येऊ नये, हे मला पटले. त्याऐवजी प्रवेशद्वार उघडण्यापूर्वीचे दोन तास आणि त्यानंतरचा एक तास देण्यात आला.

या तीन तासांचे वेळापत्रक प्राणिरक्षकांनी स्वतः आखून दिले होते, आणि संपूर्ण सेवेतील सर्वोत्तम भाग हाच होता. बिबट्या रात्रनिवाऱ्यातून बाहेर सोडल्यावर पहिला अर्धा तास फिरतो आणि मग आडोसा धरतो, म्हणून तो आधी. शेकरू सकाळचे फळ खाण्यासाठी खालच्या फांदीवर उतरते, म्हणून ते मध्ये. मगर जानेवारीत ऊन चढल्याशिवाय पाण्याबाहेर येत नाही, म्हणून ती शेवटी. आमचा छायालेखक उजेडाचा विचार करून नेमका उलटा क्रम मांडून आला होता. प्राणिरक्षकांचा क्रम पाळल्यामुळे मगर तोंड उघडून कातळावर पडलेली असताना आम्ही तेथे पोहोचलो आणि ते दृश्य एकाच प्रयत्नात मिळाले. फळाची टोपली कॅमेऱ्याच्या बाजूला सरकवण्याची आमची विनंती मात्र त्यांनी नम्रपणे नाकारली. टोपली रोज जेथे असते तेथेच राहील, असे ते म्हणाले, आणि आम्ही कॅमेरा हलवला.

बाकीच्या अटी थोडक्यात सांगतो. फ्लॅश नाही. जनरेटर आत नाही, त्यामुळे बॅटरीवर चालणारे दोन एलईडी दिवेच नेता आले. ड्रोन पूर्णपणे बंद, आणि त्याचे कारण सर्वांनी समजून घ्यावे असे आहे : काळवीट किंवा चितळ घाबरून सैरावैरा धावले की कुंपणावर आदळतात, आणि बाहेरून जखम दिसत नसली तरी भीतीने व अतिश्रमाने स्नायू निकामी होऊन नंतर दगावू शकतात. प्रत्येक विभागाच्या तोंडाशी जंतुनाशकाच्या पाण्यात बूट बुडवावे लागतात. ट्रायपॉडचे पायही त्यात बुडवावेत, असे आम्हाला सांगितले गेले आणि आम्ही तसे केले.

पहिल्या दिवशी मुख्य दारावर परवानगीपत्राची प्रत पोहोचलेलीच नव्हती. रात्रपाळीच्या रक्षकाने आम्हाला बाहेर उभे केले. त्याचे काहीही चुकले नाही, परंतु त्या पन्नास मिनिटांत सकाळचा कोवळा उजेड संपला. पुढील दोन दिवस मी स्वतः प्रत घेऊन अर्धा तास आधी गेलो.

आता तक्रारीविषयी. दुसऱ्या दिवशी आम्ही बिबट्याकडे होतो. हा बिबट्या उसाच्या फडातून पकडून आणलेला, जंगलात सोडता न आलेला, म्हणजे माणसांच्या घोळक्याची धास्ती मनात असलेला प्राणी होता. सुरुवातीची वीस मिनिटे तो शांत होता. नंतर मागच्या भिंतीलगत त्याच्या ठरावीक फेऱ्या सुरू झाल्या. एकाच रेषेत जाणे, एकाच जागी वळणे, पुन्हा तेच. प्राणिरक्षक माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, ‘‘साहेब, आता पुरे करा. तो फेऱ्या घालायला लागला आहे, याच्यापुढे त्याला त्रास होईल.’’ प्रकाशनसंस्थेच्या प्रतिनिधीला ते चालणे चित्रासाठी फार चांगले वाटत होते. त्यांनी तेथे हजर असलेल्या पर्यवेक्षकांना आणखी दहा मिनिटे मागितली, आणि पर्यवेक्षकांनी, परवानगी नऊ वाजेपर्यंतची आहे असे सांगून ती दिली. ज्या माणसाने त्या बिबट्याला चार वर्षे रोज पाहिले आहे त्याचा शब्द, पिंजऱ्याजवळ क्वचितच येणाऱ्या माणसाने घड्याळाकडे पाहून बाजूला सारला. प्राणिरक्षक काही बोलले नाहीत, मागे जाऊन उभे राहिले. मी कॅमेरा बंद करायला सांगितला आणि पथकाला कठड्याबाहेर नेले. प्रतिनिधींची नाराजी मी पत्करली. परंतु निर्माता म्हणून माझ्या मर्जीवर त्या प्राण्याची शांतता अवलंबून राहावी, हे मला मान्य नाही. माझ्या जागी दुसरा कोणी असता तर दहा मिनिटांची वीस झाली असती.

घरी येऊन मी करारनाम्याची बारा कलमे पुन्हा वाचली. मालमत्तेचे नुकसान, कचरा, श्रेयनामावली, चित्रफितीची प्रत संस्थेकडे जमा करणे, हे सर्व त्यात होते. चित्रीकरण कोण थांबवू शकतो हे एकाही कलमात नव्हते. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना अर्थातच तो अधिकार असतो, पण सकाळी साडेआठला ते रुग्णालयात आजारी प्राण्यांजवळ होते आणि तेथेच असायला हवे होते. पिंजऱ्यापाशी उभा असतो तो प्राणिरक्षक. म्हणून तक्रारीच्या पत्रात मी एकच मागणी केली : प्रत्येक परवानगीपत्रावर नेमून दिलेल्या प्राणिरक्षकाचे नाव असावे, त्याने ‘थांबा’ म्हटले की कारण न विचारता चित्रीकरण थांबेल असे लिहिलेले असावे, आणि त्यामुळे वाया गेलेल्या वेळेचा परतावा निर्मात्याला मागता येणार नाही.

ज्यांना असे काम करायचे आहे त्यांना या उणिवांसह मी महापालिकेच्या प्राणिसंग्रहालयाचीच शिफारस करीन. भीमाशंकरच्या जंगलात उंच फांद्यांवरील शेकरूसाठी आम्ही सहा दिवस घालवले होते आणि हाती आले ते शेपटीचे टोक. येथे एका सकाळी त्याचे दात, मिशा, फळ फिरवणारी बोटे, सर्व मिळाले. खर्च स्टुडिओतील एका दिवसाच्या भाड्याहून कमी झाला. मात्र पथक सहा माणसांपेक्षा मोठे नेऊ नये, प्राण्याने अमुक करावे अशी एकही ओळ संहितेत ठेवू नये आणि तीन दिवसांच्या कामासाठी एक दिवस राखीव मागून घ्यावा.

मालिकेच्या पुढील पुस्तकासाठी कोल्हा आणि तरस हवे आहेत. त्यासाठी मी त्याच संस्थेकडे नवा अर्ज दिला आहे. माझ्या पत्राला अजून उत्तर आलेले नाही, म्हणून या वेळी प्राणिरक्षकाच्या अधिकाराचे कलम मीच करारनाम्याच्या मसुद्यात तेरावे म्हणून लिहून जोडले आहे, आणि प्रकाशनसंस्थेची त्यावर आधीच सही घेतली आहे.