घडीचं उलटसुलट चित्रपुस्तक : काही महिन्यांच्या वापरानंतर

दिवाळीच्या सुट्टीत कार्डशीटच्या पट्ट्या कापून घरीच केलेलं हे पुस्तक उन्हाळा लागला तरी मुलांच्या हातातून सुटलेलं नाही, म्हणून लिहितेय. रचना साधी आहे. दोन्ही टोकांकडून सारखंच वाचता येणारं वाक्य घ्यायचं, पट्टीला पंख्यासारख्या घड्या घालायच्या, प्रत्येक घडीवर एकच अक्षर आणि खाली सगळ्या घड्यांवर पसरलेलं एकच चित्र. 'ती होडी जाडी होती'ला सात घड्या लागतात. मधल्या घडीवर 'जा', आणि नेमकं तिथेच होडीचं पोट सुटलेलं. पट्टी कुठल्याही टोकाकडून वाचा, होडी जाडीच.

खरा फायदा झाला तो अक्षरं सुटी करून बघण्याचा. थोरली दुसरीत, सेमी-इंग्रजीत. 'मॅडम' इंग्रजीत एकेक लेटरने उलटं वाचायचं हे तिला माहीत होतं. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी अक्षराला धरूनच फिरतात. त्यामुळे 'लाल' उलटला की 'लला' होतो, 'चमचा'ही नापास. 'रबर', 'जहाज', 'कणीक' पास. 'मध्यम'सुद्धा पास, कारण 'ध्य' एकाच घडीवर बसतो. जोडाक्षर म्हणजे काय, हे वहीपेक्षा इथे लवकर उमगलं.

पण पट्टी फार कडक परीक्षक आहे. आपण लहानपणापासून बिनधास्त म्हणत आलेलं 'चिमा काय कामाची' तिच्यावर लिहिलं की पहिली 'चि' ऱ्हस्व आणि शेवटची 'ची' दीर्घ! 'तो कवी डालडा विकतो'चीही तीच गत. कानाला चालतं, डोळ्याला नाही. थोरलीने दोन्ही पट्ट्यांवर लाल फुली मारली. आबांनी मात्र बोलण्यातला खेळ बोलण्यासारखाच खेळावा म्हणून चिमाची बाजू घेतली. मला आबांचं पटतं. फुल्या अजून आहेत.

डालड्याच्या पट्टीवर चित्राशिवाय भागतच नाही. या मुलांनी डालडा पाहिलेला नाही. ताडाच्या झाडाचा पिवळा डबा काढला, शेजारी झब्बा-झोळीवाला कवी तराजू घेऊन बसवला, तेव्हा कुठे हसू फुटलं. उलटसुलट वाक्यांना अर्थ ओढूनताणून आणलेला असतो. तो खरा वाटेल अशी भानगड चित्राने उभी करायची असते. नुसत्या अक्षरांच्या पट्ट्या आमच्याकडे दोन दिवसांत पलंगाखाली गेल्या. 'रामाला भाला मारा' अक्षरांत अगदी चोख, पण आजींनी ती पट्टी काढायला लावली.

धाकटा बालवाडीत आहे आणि त्याच्यासाठी हे पुस्तक कुचकामी. अक्षरओळख नसताना उलट वाचणार काय? पाच-सात अक्षरं डोक्यात धरून मागे फिरणं मोठ्यांनाही जड जातं. त्याच्यासाठी आबांनी मोरोपंत काढले. बारामतीच्या या पंडितकवीने (१७२९–१७९४) रामायणं रचली ती एकेका अटीवर. त्यातलं एक निरोष्ठ, म्हणजे ओठ मिटवणारी अक्षरं वगळून केलेलं. अख्खं रामायण, पण 'राम' म्हणायची सोय नाही! आम्ही प, फ, ब, भ, म काढून टाकले आणि ओठांवर बोट ठेवून बोलायला लागलो. 'आई' म्हणता येतं. 'बाबा', 'मामा', 'आबा' बाद. याला वाचता यावं लागत नाही. त्याने दिवसभर बाबांना 'ए आईचा नवरा' म्हणून हाक मारली.

करणार असाल तर सामानाबद्दल थोडं. साधा ड्रॉइंग पेपर घडीवर लगेच फाटतो, जाड कार्डशीट घ्या. पट्ट्या जोडायला सेलोटेप नको, पिवळा पडून सुटतो. बाइंडिंगचा कापडी टेप टिकतो. लॅमिनेशन करू नका, घडीच बसत नाही. वेळखाऊपणा हा मोठा दोष: एका पट्टीच्या चित्रात संध्याकाळ जाते, आणि चांगली वाक्यं लवकर संपतात. 'सर जाताना प्या ना ताजा रस' अकरा घड्यांचं, आमच्याकडचं सगळ्यात लांब.

वाक्यं संपल्यावर थोरलीने 'काका, वाचवा, काका'ची पट्टी मधोमध कापली. 'वाचवा'च्या जागी तीन घड्यांचा कुठलाही पास शब्द बसतो, हे तिने हेरलं होतं. तेव्हापासून 'काका, कणीक, काका', 'काका, जहाज, काका' असं चालू आहे. चित्रं तीच काढते, आणि काका दर पट्टीवर बुडतच असतात, कणकेतसुद्धा. वाचता येणारं मूल घरात असेल तर पहिली पट्टी हीच करा, मधला तुकडा सुटा ठेवून.