पुरात तास कसे चालवायचे: थेट ऑनलाइन, रेकॉर्ड केलेला आवाज की छापील टिपणं?

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा पातळी, 43 फुटांवर धोका पातळी. पावसाळ्यात विभागप्रमुखांनी वेळापत्रकाच्या आधी हे दोन आकडे पाहावेत. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या पुढे गेलं. 2021 च्या जुलैत पुन्हा महापूर आला. दोन्ही वेळा शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला.

थेट ऑनलाइन तासाची सवय आपल्याला 2020 च्या लॉकडाऊनमध्ये लागली. शंका तिथल्या तिथे सुटते, ही त्याची मोठी जमेची बाजू. पण लॉकडाऊनमध्ये घरात वीज होती. पुरात आधी वीज जाते, मग टॉवरची बॅटरी संपते आणि रेंजही जाते. विद्यापीठ उंचावर आहे, त्यामुळे शिकवणारा कोरड्या जागी बसून तास घेऊ शकतो. पण नदीकाठच्या कुरुंदवाडचा किंवा चिखलीचा विद्यार्थी तेव्हा जनावरं हलवत असतो, नाहीतर कुठल्यातरी शाळेतल्या निवारा केंद्रात असतो आणि घरातला एकुलता चार्ज असलेला मोबाइल नातेवाइकांशी बोलायला लागतो. अशा मुलाची गैरहजेरी मांडणं मला अन्यायाचं वाटतं.

रेकॉर्ड केलेला आवाज इथे उजवा ठरतो. दहा मिनिटांची साधी ऑडिओ फाइल पाच एमबीच्या आसपास, थेट व्हिडिओच्या तासाला मात्र काही शे एमबी लागतात. रेंज पाच मिनिटं आली तरी फाइल उतरते आणि रात्री ऐकता येते. इतिहास, मराठी, अर्थशास्त्राला हे पुरतं. गणिताला नुसता आवाज उपयोगाचा नाही, सोबत फळ्याचे फोटो हवेतच. कोण कुठे अडलंय हे मात्र कळत नाही, म्हणून पाणी ओसरल्यावर निव्वळ शंकांसाठी दोन तास राखून ठेवा.

छापील टिपणांना वीज, रेंज काहीच लागत नाही. जूनअखेर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून द्या. खर्च झेरॉक्सचा, तेवढाच.

प्रात्यक्षिकांना यातला एकही पर्याय नाही. ती रविवारी किंवा दिवाळीच्या सुट्टीतून दिवस काढून प्रयोगशाळेतच घ्यावी लागतात.

मला विचाराल तर पूरपट्ट्यातली मुलं वर्गात असतील तिथे टिपणं आणि आवाज. थेट तास फक्त शहरातल्या संपासारख्या किंवा एक-दोन दिवसांच्या बंदसाठी. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की त्याच संध्याकाळी पुढच्या दोन आठवड्यांच्या फाइली व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका. त्या वेळी पूरपट्ट्यातल्या शिरोळात अजून रेंज असते.