एक दिवसाचा पगार पाण्यासाठी द्यायचाय, पण कुठं?

आमच्या सातारा जिल्ह्यातल्या शिरवळच्या कंपनीत एचआरनं फॉर्म काढलाय, एक दिवसाचा पगार पिण्याच्या पाण्याच्या कामाला द्यायचा, आपण देऊ तेवढेच कंपनी वरनं घालणार, खाली चार पर्याय आणि त्यातल्या एकावर टिक. तू दुष्काळी माण तालुक्याचा, तुला पाण्यातलं कळतं, सांग कुठं टिक करू असं तीनचार जणांनी विचारलं, म्हणून नीट बसून लिहितोय.

चार पर्याय म्हणजे पाणी शुद्ध करायच्या पुड्या, नळासाठी बायकांना छोटं कर्ज मिळवून देणारी संस्था, गावात आरओ प्लांट, नाहीतर गावाचं पाणलोटाचं, म्हणजे पावसाचं पाणी अडवून जिरवायचं काम. पहिले दोन जगभर चालतात, दुसरे दोन आपल्याच जिल्ह्यात. जगात २०२२ च्या आकडेवारीप्रमाणं २२० कोटी लोकांना भरवशाचं शुद्ध पाणी घरात मिळत नाही, त्यामुळं लांब दिलेला पैसा वाया गेला असं मी अजिबात म्हणणार नाही.

आधी पैशाचं बघा. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ नं मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के समाजकामाला घालावे लागतात, आणि ते काम भारतातच झालं पाहिजे. म्हणजे परदेशातल्या कामाला कंपनी जी मॅचिंग देईल ती सीएसआरमधे, म्हणजे या सक्तीच्या २ टक्क्यांत, धरता येत नाही, ती वेगळ्या खिशातनं येते का हे एचआरला विचारून घ्या. परदेशी संस्थेला थेट दिलं तर आपल्याला ८०जीची करसवलत नाही, आणि नवीन टॅक्स रिजीम घेतली असेल तर इथल्या संस्थेला देऊनही नाही.

आता पुड्या. प्रॉक्टर अँड गँबलचा हा कार्यक्रम २००४ पासनं चालूय, ४ ग्रॅमची पुडी १० लिटर गढूळ पाण्यात टाकायची, ढवळायचं, गाळ खाली बसला की सुती कापडातनं गाळायचं आणि थोडं थांबायचं, अर्ध्या तासात पाणी प्यायला तयार. माझी बहीण सांगलीत दिलीय, २०१९ च्या ऑगस्टमधे ती दोन लेकरं घेऊन वरच्या मजल्यावर बाटल्यांची वाट बघत बसलेली, खाली नुसता गढूळ पूर, त्या वेळी असल्या पंचवीस पुड्या घरात असत्या तर काय झालं असतं ते मला कुणी समजावून सांगायला नको. पण पुडी संपली की संपली, आणि पाण्यातला खारेपणा तिनं जात नाही. संकटाला एक नंबर, रोजच्याला नाही.

कर्जाचा पर्याय मला आधी पटत नव्हता, पाण्यासाठी गरिबानं कर्ज काढायचं म्हणजे काय. वॉटर डॉट ऑर्ग, म्हणजे मॅट डेमन आणि गॅरी व्हाइटची संस्था, ती स्वतः कर्ज वाटत नाही, तिथल्या मायक्रोफायनान्सवाल्यांना नळ-संडासासाठी कर्ज द्यायला तयार करते. कर्ज घेणाऱ्या बहुतेक बायका, आणि फेडतात पण. आपल्याकडं म्हसवडला माणदेशी महिला बँक १९९७ पासनं आहे, त्यामुळं बायका हप्ता बुडवत नाहीत हे माणमधल्या माणसाला नवीन नाही. फक्त गावात पाइपलाइनच नसेल तर नळ घेऊन काय करणार, तिथं हा पर्याय लंगडा पडतो.

जाता जाता बाटलीचं, कारण एकानं विचारलंच की बाटली घेतली की आपोआप दान होतंय ते बरं नाही का. स्टारबक्सनं २००५ मधे ईथॉस नावाचा पाण्याचा ब्रँड घेतला, अमेरिकेत बाटलीमागं ५ सेंट पाण्याच्या कामाला, आणि बाटली त्या वेळी दीड-दोन डॉलरची. तेच पैसे सरळ दिले तर तीस-चाळीस पट जातात.

खरी तुलना आरओ आणि पाणलोट यांच्यात आहे आणि तिथंच लोक चुकतात. आरओ दिसतो, कंपनीचा बोर्ड लागतो, फीत कापतात, पाच रुपयाला वीस लिटरचा जार. माझ्या मामाच्या गावात एका कंपनीनं बसवलेला, दोन वर्षं झकास चालला, तिसऱ्या वर्षी मेंबरेन, म्हणजे पाणी गाळणारा पडदा, गेली, बदलायचा खर्च कुणाच्या खात्यात बसेना आणि आता त्या खोलीत ग्रामपंचायतीचं बी-बियाणं ठेवतात. शिवाय आरओत पाण्याचा बराच भाग वाया जातो, टँकरच्या गावात ते बघवत नाही. तरी एका ठिकाणी आरओ लागतोच, पाण्यात नायट्रेट लिटरमागं ४५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर. खत जास्त पडतं त्या ऊसपट्ट्यात विहिरीत ते उतरतं, तान्ह्या बाळाला ते घातक, आणि उकळून जात नाही, उलट वाढतं. म्हणून आधी लॅबचा रिपोर्ट, मग आरओ.

पाणलोटाला सीसीटी म्हणजे डोंगरउतारावरचे सलग समतल चर, नालाबंडिंग म्हणजे नाल्याला बांध, गाळ काढणं असलं काम, फोटोत नुसते चर दिसतात. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटर पडतो आणि त्याच जिल्ह्यात माणला पाचशेच्या आतबाहेर, तो पाचशेच जिरवायचाय. २०१६ च्या पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या गावांच्या जलसंधारण स्पर्धेत कोरेगावच्या वेळू गावानं ४५ दिवस श्रमदान करून पहिला नंबर काढला, ५० लाख मिळाले, ते आपल्याच जिल्ह्यातलं आहे, जाऊन बघता येतं. पण दोन गोष्टी, जिरलेलं पाणी ऊस लावून उपसलं तर फेब्रुवारीत परत टँकर, आणि विहिरीला पाणी आलं म्हणजे ते शुद्ध झालं असं नाही, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकायला आणि पाण्यात क्लोरीन उरलंय का बघायची ओटी टेस्ट रोज करायला माणूस पाहिजेच.

मी टिक पाणलोटावर केली. ज्यांचं गाव ऊसपट्ट्यात आहे त्यांनी रिपोर्टमधे नायट्रेट जास्त निघालं तरच आरओवर करा, आणि ज्यांचं माहेर-सासर पुराच्या काठावर आहे त्यांनी पुड्यांना दिलं तर मी नाही म्हणणार नाही. फॉर्मखालच्या सूचनेच्या चौकटीत मी लिहून दिलंय की रकमेतला पाचवा हिस्सा तीन वर्षांची टीसीएल आणि गावात पाणी सोडणाऱ्या वॉल्व्हमनच्या मानधनासाठी बाजूला काढून ठेवा. पटत असेल तर तुम्हीपण तेच लिहा, फॉर्म शुक्रवारपर्यंत आहे.