हवानात चे गेव्हाराची खरेदी: टी-शर्टपेक्षा तीन पेसोंची नोट घ्या

क्यूबाची राजधानी हवानातली गेव्हारा-खरेदी, म्हणजे क्रांतिकारक चे गेव्हाराच्या आठवणवस्तूंची खरेदी, म्हटली की बहुतेक प्रवासी टी-शर्टकडे वळतात. आमची पहिली पसंती मात्र तीन पेसोंच्या लालसर नोटेला. पुढच्या बाजूला चेहरा आहेच, पण उलटवून मागची बाजू नीट पाहा: तिथे गेव्हारा ऊस तोडतोय. मंत्री असतानाही तो ऊसतोडीच्या श्रमदानाला जात असे. त्याची ही बाजू टी-शर्टवर कधीच दिसत नाही.

जुन्या हवानात फेरीवाले या नोटेचा एक डॉलर सांगतात. 2021 साली ठरलेल्या 24 पेसोंच्या सरकारी दरानेसुद्धा डॉलरला अशा आठ नोटा येतात, आणि त्यानंतर पेसो आणखी घसरला. म्हणून भाव करा, किंवा दुकानात सुटे पैसे घेताना हीच नोट मागा. घडीवर नोट लवकर विरते, त्यामुळे ती वहीत सपाट ठेवा. तीन पेसोंचे नाणे मिळाले तर ते जास्त टिकाऊ.

टी-शर्टसाठी बंदरावरच्या सान होसे बाजारात जा, पण घाई नको. टी-शर्टवरचा चेहरा म्हणजे छायाचित्रकार आल्बेर्तो कोर्दाने 5 मार्च 1960 रोजी, हवाना बंदरातल्या ‘ला कूब्र’ जहाजाच्या स्फोटातील मृतांच्या शोकसभेत टिपलेला फोटो. मूळ चौकटीत एका बाजूला ताडाची पाने आणि दुसऱ्या बाजूला आणखी एक माणूस होता. ते कापून चेहरा उरला. कपड्यांवर छापतात ते बहुतेकदा आयरिश चित्रकार जिम फिट्झपॅट्रिकच्या 1968च्या चित्राच्या वळणाचे, फक्त गडद आणि कोऱ्या भागांचे रूप. मधल्या छटा नसल्याने सगळी भिस्त डोळ्यांवर. छपाईत शाई जास्त झाली की डोळ्यांतली कोरी जागा भरते आणि नजरच मरते. आधी तेच तपासा. मग छापील भाग हलकेच ताणा: प्लॅस्टिकचा थर चिकटवलेला असेल तर बारीक भेगा दिसतात, आणि काही धुण्यांतच चेहऱ्यावर तडे जातात. स्क्रीन प्रिंटमध्ये शाईतून कापडाची वीण दिसते; तोच घ्या. उलटा करून गार पाण्यात धुवा, छापावर थेट इस्त्री नको.

मद्याशी जोडलेल्या वस्तू आम्ही सुचवणार नाही. व्होडकाच्या जाहिरातीत हा फोटो वापरल्यावर कोर्दा 2000 साली कोर्टात गेला आणि तडजोडीचे 50,000 डॉलर त्याने क्यूबाच्या आरोग्यसेवेला दिले. त्याच्या त्या भूमिकेचा मान राखावा.

गेव्हाराच्या सहीची 1960ची नोट कुणी दाखवली तर सही हाताची समजून जादा पैसे मोजू नका. तो तेव्हा राष्ट्रीय बँकेचा अध्यक्ष होता आणि ‘चे’ ही सही नोटांवर छापलेलीच असे.