ऑक्झलेटचे स्फटिक की फायटोलिथ?
वनस्पतींच्या पेशींत साठणारे कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक आणि सिलिकाचे सूक्ष्म कण, म्हणजेच फायटोलिथ, हे दोन्ही ओळख पटवण्यास उपयोगी पडतात. परंतु त्यांची क्षेत्रे वेगळी आहेत. औषधी पानांची भुकटी तपासायची असेल, तर मी निःसंशय ऑक्झलेटची निवड करीन. बेलाडोना, धोतरा आणि खुरासानी ओवा एकाच कुळातले, तरीही पहिल्याच्या पानांत वाळूसारखे बारीक स्फटिक, दुसऱ्याच्या पानांत ताऱ्यासारखे पुंजके आणि तिसऱ्याच्या पानांत प्रामुख्याने सुटे लोलकाकृती स्फटिक आढळतात, हा भेद मला आजही विलक्षण वाटतो. ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या, प्रकाशात हे स्फटिक काळ्या पार्श्वभूमीवर झळकतात. मात्र रॅफाइड, म्हणजे सुईसारखे स्फटिक, अळूच्या कुळात असतात तसेच द्राक्षाच्या कुळातही असतात; म्हणून केवळ स्फटिकावरून प्रजाती ठरवणे धोक्याचे आहे.

फायटोलिथ हे काटेकोरपणे पाहता स्फटिक नव्हेतच, कारण त्यांतील सिलिका अस्फटिकी असते. परंतु पान कुजले किंवा जळले तरी ते मातीत हजारो वर्षे टिकू शकतात, आणि डंबेलसारख्या किंवा खोगिरासारख्या आकारांवरून गवताचे उपकुळ अनेकदा सांगता येते; त्यामुळे प्राचीन अवशेषांच्या अभ्यासात मी त्यांनाच प्राधान्य देईन.