‘सिद्ध हत्ताजोडी’ घरात घेऊ नका

कुणी तुम्हाला पूजेसाठी ‘सिद्ध हत्ताजोडी’ देऊ केली तर ती फुकटातही घेऊ नका. माझ्या काकूंना नव्या घराच्या वास्तुशांतीच्या निमित्ताने ती 11,000 रुपयांना विकली गेली. विकणारा स्वतःला महाराज म्हणवत होता. अमरकंटकच्या जंगलात रविपुष्य योगावर काढलेलं हे दुर्मिळ मूळ आहे, देव्हाऱ्यात ठेवलं की लक्ष्मी स्थिरावते, असं त्याने फोनवर सांगितलं. पैसे आधी घेतले. कुरिअरने डबी आली, तिच्यात शेंदूर, लवंगा, वेलदोडे आणि मधोमध काळपट, सुकलेली, हात जोडल्यासारखी दिसणारी एक वस्तू.

एवढ्यावर तो थांबला नाही. ती आधी तिळाच्या तेलात मुरवायची, मग रात्रभर दुधात ठेवायची आणि तेच दूध नैवेद्याच्या खिरीत घालून घरातल्या सगळ्यांना प्रसाद म्हणून द्यायचं, लहान मुलांना तर आवर्जून, असं त्याने बजावलं होतं. माझी चुलतबहीण सावध. तिने दूध तापवायच्या आधी मला फोटो पाठवला. मी प्राणिशास्त्र शिकवते, फोटो पाहताच मला कळलं.

ते मूळ नाही. ते नर घोरपडीचं जननेंद्रिय आहे. सरड्या-सापांप्रमाणेच नर घोरपडीला शेपटीच्या मुळाशी जननेंद्रियांची जोडी असते. ती कापून वाळवली की जुळलेल्या हातांसारखी दिसते. एवढ्या साधर्म्यावर सगळा धंदा उभा आहे. काही वेळा साच्यात ओतलेलं प्लॅस्टिकही ‘हत्ताजोडी’ म्हणून गळ्यात मारतात. म्हणजे वस्तू खरी निघाली तर एक जीव गेलेला असतो, आणि खोटी निघाली तर नुसते पैसे गेलेले असतात. जी माणसं चातुर्मासात कांदा-लसूणही खात नाहीत, त्यांच्या खिरीत हे घालायला सांगणाऱ्या माणसाबद्दल मला अजूनही संताप येतो. शिवाय सरपटणाऱ्या प्राण्यांमध्ये साल्मोनेलाचे जिवाणू अनेकदा असतात. ते पोरांच्या पोटात गेले असते तर?

‘सियारसिंगी’ म्हणून मिळणारं कोल्ह्याचं शिंगही याच दुकानातलं. कोल्ह्याला शिंग नसतंच. केसाळ कातड्याच्या गोळ्यात हाड किंवा नख बसवून ते तयार करतात.

2017 मध्ये वन्यजीव संस्थांनी हत्ताजोडीचा व्यापार चव्हाट्यावर आणला, तेव्हा मोठ्या ऑनलाइन दुकानांत ती पूजा साहित्याच्या रांगेत मांडलेली होती. आता विक्री व्हॉट्सअ‍ॅप आणि व्हिडिओंच्या आडून चालते.

विकणारा जे कधीच सांगत नाही ते असं. घोरपड वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिचा अवयव बाळगणं हाही गुन्हा आहे. शिक्षा किमान तीन वर्षं, कमाल सात वर्षं, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर दंड किमान 25,000 रुपये. कलम 57 प्रमाणे वस्तू तुमच्या ताब्यात सापडली की ती बेकायदा नाही हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. म्हणजे पैसे घेऊन तो नामानिराळा, आणि देव्हाऱ्यासमोर बसलेली काकू आरोपी! ज्या घोरपडीच्या आधाराने सिंहगड चढल्याची कथा आपण पोवाड्यात ऐकतो, शेतातले उंदीर खाऊन जी शेतकऱ्याच्या उपयोगी पडते, तिच्या शेपटीखाली सुरी चालवायची आणि वर माणसांनाही अडकवायचं.

काकांचा पहिला विचार होता, डबी नदीत सोडून मोकळं व्हावं. आम्ही तसं केलं नाही. आधी ओळखीच्या वकिलांना विचारलं. मग ती डबी, कुरिअरचं पाकीट, पैसे पाठवल्याची नोंद आणि महाराजाचे सगळे मेसेज असं एकत्र घेऊन वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे लेखी अर्जासह दिलं. अर्जात वस्तू मूळ म्हणून विकली गेली हे पहिल्याच ओळीत लिहिलं. दैवी शक्तीच्या नावावर फसवणूक झाली असेल तर महाराष्ट्रात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदाही लागू होऊ शकतो, त्याची तक्रार पोलिसांकडे करता येते. आर्थिक फसवणुकीसाठी सायबर हेल्पलाइन 1930 आहे, पैसे गेल्यावर जितक्या लवकर फोन कराल तितकं ते अडवणं शक्य होतं. वन विभागाचा क्रमांक 1926.

महाराजाचा फोन बंद आहे. तोच डबीचा व्हिडिओ मात्र दुसऱ्या नावाने पुन्हा फिरतोय, त्याची लिंक आम्ही वन विभागाला पाठवली आहे. तुमच्याकडे तो आला तर पुढे ढकलू नका, जतन करा आणि तक्रारीसोबत द्या.