चार पीटी-१०० आणि दोन अलार्म रिले असलेला एनर्जी मीटर: नऊ महिने वापरल्यानंतर

आमचं मशीन शॉप कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगाव एमआयडीसीत आहे. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं मशिनिंग करतो. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात पॉवर फॅक्टर आपोआप राखणाऱ्या एपीएफसी पॅनलमधले दोन कपॅसिटर फुगले आणि ते लक्षात येईपर्यंत पॉवर फॅक्टर घसरला होता. एचटी (उच्च दाबाच्या) ग्राहकांना २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे नुसत्या युनिटवर नाही तर ओढलेल्या एकूण विजेवर, बिल येतं, त्यामुळे घसरलेला पॉवर फॅक्टर थेट बिलात दिसतो. तेव्हाच ठरवलं की नवा मीटर घेताना तापमान बघणारा घ्यायचा. ऑक्टोबरमध्ये बसवला. ९६ बाय ९६ चा, पॅनलवर बसणारा, चार पीटी-१०० (तापमानानुसार रेझिस्टन्स बदलणारा सेन्सर) इनपुट आणि दोन रिले (मीटरच्या हुकमाने चालू-बंद होणारे स्विच) आउटपुटचा.

युनिट, डिमांड, हार्मोनिक्स या बाबतीत मीटर चोख आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. एवढंच सांगतो की सीटीच्या (करंट मोजणाऱ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या) तारांना हात लावण्याआधी सेकंडरी शॉर्टिंग लिंकने शॉर्ट करा. लोड चालू असताना सीटी उघडी राहिली तर जिवावर बेततं. खरा अनुभव आला तो तापमानाच्या जोडणीत.

सेन्सर चार ठिकाणी लावले: ट्रान्सफॉर्मरच्या तेलाच्या पॉकेटमध्ये, एपीएफसीच्या कपॅसिटर कप्प्यात, मुख्य पुरवठा आत येतो त्या इनकमरच्या बसबार (जाड वीजवाहक पट्ट्या) चेंबरमध्ये आणि कॉम्प्रेसर रूममध्ये. बसबार चेंबरमधला सेन्सर बसबारला टेकवलेला नाही. हायलमच्या (वीजरोधक) पट्टीवर, अंतर राखून, आतल्या हवेचं तापमान घेतो. धातूच्या नळीचा सेन्सर जिवंत बसबारला लावायचा विचारही कुणी करू नये.

ट्रान्सफॉर्मर मीटरपासून तीस मीटर लांब. सेन्सर तीन तारांचा होता, दोन लाल आणि एक पांढरी. पण वायरमनकडे ०.५ स्क्वेअरची (चौरस मि.मी.) दोन कोअरचीच केबल शिल्लक होती. "साहेब, मीटरकडे लूप मारतो, चालतंय," म्हणाला. मीही हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी ट्रान्सफॉर्मरवरची डायल ६२ अंश दाखवत होती आणि मीटर ६८.

मल्टीमीटर घेऊन बसलो. ०.५ स्क्वेअरच्या तांब्याच्या तारेला दर मीटर लांबीला साधारण ०.०३९ ओहम रेझिस्टन्स असतो. जाऊन-येऊन साठ मीटर, म्हणजे २.३४ ओहम. पीटी-१०० एका अंशाला साधारण ०.३८५ ओहमने वाढतो. भाग लावला की सहा अंशांचा फरक तिथेच निघतो. मेनूत ऑफसेट देऊन सहा अंश वजा करता आले असते, पण ऊन वाढलं की तारेचा रेझिस्टन्सही वाढतो, म्हणजे तो ऑफसेट दिवसभर खरा राहत नाही. तीन कोअरची स्क्रीन (जाळीचं आवरण) असलेली केबल आणली, तिसरी तार थेट सेन्सरपर्यंत नेली म्हणजे मीटर तारांचा रेझिस्टन्स स्वतःच वजा करतो, आणि डायल व मीटरमधला फरक एका अंशाच्या आत आला. तिन्ही कोअर एकाच जाडीच्या आणि एकाच लांबीच्या हव्यात, नाहीतर तिसऱ्या तारेचा उपयोग होत नाही.

कपॅसिटर कप्प्याचं दुखणं वेगळं होतं. कपॅसिटरची एक स्टेज (गट) आत आली, कॉन्टॅक्टर (कॉइलवर चालणारा मोठा स्विच) टक्कन वाजला की रीडिंग ४७ वरून ५३ वर उडी मारायचं आणि पुन्हा ४७ वर यायचं. त्या उडीवर पहिल्या रिलेवरचा हूटर वाजायचा. सेन्सरची केबल पॉवर केबलसोबत एकाच ट्रेमध्ये होती आणि स्क्रीन दोन्ही टोकांना अर्थ केलेली. केबल वेगळी काढली, स्क्रीन फक्त मीटरच्या बाजूला अर्थ केली, अलार्मला तीस सेकंदांचा डिले दिला. त्यानंतर एकही खोटा अलार्म नाही.

आता रिले. सुरुवातीला दुसऱ्या रिलेवरून एपीएफसीच्या एक्झॉस्ट फॅनचा कॉन्टॅक्टर थेट चालवला, २३० व्होल्टची कॉइल. फॅन ४२ अंशांना चालू, हिस्टेरेसिस (चालू आणि बंद होण्याच्या तापमानातला फरक) अर्धा अंश. ऑक्टोबर हीटमध्ये फॅन दिवसभर चालू-बंद, चालू-बंद. फेब्रुवारीच्या शेवटी एका सुट्टीच्या सकाळी कारखान्यात गेलो तर सगळं शांत आणि फॅन एकटा फिरतोय. रीडिंग २९ अंश. मीटर म्हणतो रिले बंद आहे, पण कॉन्टॅक्ट आत चिकटलेला. मीटरवर "५ अँपिअर" छापलेलं असतं ते रेझिस्टिव्ह लोडसाठी. कॉइल तोडताना कॉन्टॅक्टवर ठिणगी पडते आणि हजारो वेळा पडली की तो वेल्ड होतो. यात चूक आमची होती.

त्यात मीटरची एक अडचणही समजली. दोन्ही रिलेंचा कॉमन (कॉन्टॅक्टचं सामाईक टोक) आतून एकच आहे. म्हणजे एकावर २४ व्होल्ट आणि दुसऱ्यावर २३० असं करताच येत नाही. ही माझी मीटरबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार, आणि माहितीपत्रकात ती टर्मिनलच्या बारीक चित्रावरूनच कळते. शेवटी दोन्ही आउटपुट २४ व्होल्ट डीसीवर घेतले आणि फॅनसाठी मध्ये इंटरपोझिंग रिले टाकला. त्याच्या कॉइलवर उलटा डायोड आणि पुढच्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर आरसी स्नबर (ठिणगी दाबणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी). स्नबर कॉन्टॅक्टवर न लावता कॉइलवर लावा. कॉन्टॅक्टवर लावला तर त्यातून थोडा करंट वाहत राहतो आणि लहान रिले सुटत नाही. हिस्टेरेसिस चार अंश केला.

सेन्सरची तार तुटली तर काय होतं हे मीटर निवडताना कुणी विचारत नाही. मी एका दुपारी मुद्दाम तार काढली. डिस्प्लेवर "ओपन" आलं आणि हूटर गप्प. मेनूत सेन्सर बिघडल्यावर रिले काय करेल ते "काही नाही" असं सेट होऊन आलं होतं. ते बदललं. रिले नेहमी ओढलेला (कॉइल चालू) राहील आणि अलार्मला किंवा बिघाडाला सुटेल असं केलं. हूटर एनसी (रिले सुटल्यावर जोडला जाणाऱ्या) कॉन्टॅक्टवर घेतला, फॅनही तसाच, म्हणजे तार तुटली तर फॅन चालूच राहील. पहिल्याच रात्री लाइट गेली आणि मीटरचा रिले सुटून बॅटरीवरचा हूटर वाजत राहिला. वॉचमन काकांचा दीड वाजता फोन आला. मीटरची ऑक्झिलरी सप्लाय (मीटर स्वतः चालतो ती वीज) यूपीएसवर घेतल्यावर तो प्रश्न संपला.

तपासणीसाठी १२० ओहमचा, ०.१ टक्क्याचा रेझिस्टर पाकिटात ठेवलाय. सेन्सरच्या जागी लावला की मीटरने ५१.६ अंश दाखवायला हवेत. अलार्म ५० ला आहे, त्यामुळे तीस सेकंदांत हूटर वाजतो आणि फॅन फिरतो. दर महिन्याच्या पहिल्या सुट्टीला हे करतो, दहा मिनिटांचं काम.

आणि हे सगळं एप्रिलमध्ये कामी आलं. दुपारच्या शिफ्टला हूटर वाजला, कप्पा ५० च्या वर. आमच्या कपॅसिटरवर "-२५/डी" लिहिलेलं आहे, म्हणजे भोवतालची हवा जास्तीत जास्त ५५ अंश आणि दिवसाची सरासरी ४५ च्या आत. पॅनलचं दार उघडलं तर फिल्टरवर कास्टिंगची काळी धूळ बोटभर साचलेली. फॅन फिरत होता पण हवा आतच येत नव्हती. फिल्टर झटकून लावला, वीस मिनिटांत रीडिंग ४३. या उन्हाळ्यात एकही कपॅसिटर फुगला नाही. फिल्टर आता दर पंधरवड्याला काढतो.

ट्रान्सफॉर्मरची ट्रिप (तापल्यावर आपोआप बंद करणं) मात्र या मीटरवर दिलेली नाही, ती डायलच्या स्वतःच्या कॉन्टॅक्टवरच ठेवली आहे. मीटर फक्त आधी ओरडतो. पुढच्या महिन्यात कॉम्प्रेसर पॅनलसाठी दुसरा मीटर घ्यायचाय, आणि यावेळी दुकानदाराला पहिला प्रश्न रिलेंचा कॉमन वेगळा आहे का हाच विचारणार आहे.